पुळणीवरची कोरांटी

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये, सहा फूट रुंद आणि सत्तरएक फूट लांब अशी एक पट्टी आहे. कागदोपत्री तिला 'मोकळी जागा' म्हणतात. आमचे सेक्रेटरी तिला 'वाया गेलेली जागा' म्हणतात. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दृष्टीने, निर्माल्य वरच्या वर नेम धरून टाकायला तिच्यासारखी सोयीची जागा साऱ्या अंधेरीत नाही! या पट्टीवरून आमच्या इमारतीत गेल्या वर्षी जे रामायण झाले, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही राहतो ते वर्सोव्याच्या बाजूला. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. भरती-ओहोटी आम्हाला दिसत नाही, पण खिडकीच्या गजांना चढणाऱ्या गंजावरून तिचा शेजार कळतो. इमारत उभी राहिली तेव्हा वरून वीतभर भरावाची माती पसरली होती. तिच्याखाली कुदळ मारली की सरळ वाळू. कधी एखादा शिंपलाही हाती येतो. या वाळूसाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: पुळण. संस्कृत 'पुलिन' म्हणजे पाण्याकाठचे वाळूचे मैदान. त्याचेच हे घरगुती रूप. कोकणात तो शब्द अजून नांदतो. मुंबईकर मात्र 'बीच' म्हणू लागल्यापासून त्याला विसरला. मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे असे शब्द कोणी विसरला की मला वाईट वाटते. आणि पगार त्याचाच मिळत असल्यामुळे ते वाटणे भागही आहे.

तर या पुळणीवर बाग करण्याची हौस मला आली. हौसेला मोल नसते म्हणतात, पण रोपांना असते. पहिल्या वर्षी गुलाबाची सहा रोपे आणली. त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात माझा निरोप घेतला. मग मोगरा लावला. तो जगला, पण पाहुण्यासारखा, रोज दोन वेळा पाणी विचारावे लागे. क्रोटनची रंगीत पाने एप्रिलात कडेने करपली. सौ. म्हणाली, "तुम्ही कवितेवरच लिहीत जा."

मुंबईत एवढा पाऊस पडतो, मग झाडे तहानेने कशी मरतात, असा प्रश्न तुमच्याही मनात येईल. उपनगरात वर्षाकाठी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, हे खरे. पण तो सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हस्ताचा पाऊस गडगडून गेला की पुढे आठ महिने आकाश कोरडे. त्यातून वाळूचा कण मोठा, दोन कणांतल्या फटीही मोठ्या. वरून घातलेले पाणी चाळणीतून जावे तसे खाली जाते, आणि जाताना खताचा कसही धुऊन नेते. चिकणमाती पाणी धरून ठेवते, वाळू ते धरीतच नाही. भर दुपारी ती तापते ती वेगळीच. अशा जागी ज्याला राहायचे त्याने थोडक्यात भागवण्याची सवय जन्मापासून अंगी बाणवलेली असावी लागते. नर्सरीतल्या लाडावलेल्या रोपांना ती कुठून असणार?

त्याच सुमारास आई आमच्याकडे कायमची राहायला आली. गुहागर तालुक्यातले आमचे घर भाऊबंदांच्या संमतीने विकले गेले होते. संमतीपत्रावर माझीही सही आहे. ती करताना हात कापला नाही, हे इथे प्रामाणिकपणे सांगतो. कौले गळत होती, वाटे सात होते आणि राहणारी आई एकटी. आई आली ती एक पत्र्याची ट्रंक, देवांचा डबा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली काड्यांची मोळी घेऊन. एस.टी.च्या रात्रभराच्या प्रवासात तिने त्या गोणपाटावर तीनदा पाणी शिंपडले होते.

"हे काय गं आणलंस?" मी विचारले.

"कोरांटी. पाणंदीकडच्या वईवरची. नवा मालक गडगा घालून गेट बसवणार म्हणत होता. तो काय ठेवतोय तिला!"

"अगं, पण इथे कुठे लावणार? इथे वाळू आहे सगळी."

"मग तिथे काय होतं?" आई म्हणाली.

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमचे आगरही पुळणीवरच होते. नारळ-पोफळींना पाटाचे पाणी जाई. कुंपणाच्या कोरांटीला कोणी तांब्याभर पाणी घातल्याचे मला आठवत नाही. तिच्या काट्यांनी फाटलेली चड्डी मात्र आठवते.

मृग नक्षत्र लागले, पहिल्या दोन सरी झाल्या, आणि आईने लावणी केली. तिची पद्धत सांगतो, कारण पुस्तके वाचून मी जे केले होते त्यापेक्षा ती फारच सोपी निघाली. काडी घ्यायची ती अगदी कोवळी नको आणि जून लाकूडही नको. मधली, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. खालची पाने काढून टाकायची आणि दोन पेरे वाळूत जातील अशी खोचायची. दोन काड्यांत दीड फूट अंतर. मी हौसेने शेणखताची पिशवी आणली होती. आईने खड्ड्यात ओंजळभर पालापाचोळ्याची कुजलेली माती तेवढी घातली आणि पिशवी परत धाडली. "जास्त खायला घातलंस तर नुसती पानांनी माजेल. फूल दिसायचं नाही." तेहतीस काड्यांपैकी अठ्ठावीस जगल्या. बाकीच्या पाच, माझा संशय आहे, मी लावलेल्या होत्या.

पहिल्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी दिले. दुसऱ्या वर्षापासून पंधरा दिवसांनी, तेही आठवण झाली तर. झाड दोन वर्षांत छातीएवढे झाले. त्याहून फार वाढत नाही. चार-पाच फूट म्हणजे पुष्कळ. पिवळ्या कोरांटीला पानांच्या बगलेत तीन-चार काट्यांचा झुबका असतो, पानाचे टोकही टोचरे. म्हणून तिला काटेकोरांटी म्हणतात. कोकणात गुरे आवरायला ती लावीत, आणि गुरेही तिचा मान राखीत. पाऊस सरला की आश्विनात कळ्या धरतात आणि ऐन दिवाळीत सगळे कुंपण पिवळे-नारिंगी होऊन जाते. फुलाला वास नाही. पाकळ्या पाच, त्यांतल्या चार वर एका बाजूला आणि एक खाली वेगळी, जणू घरात रुसून बसलेली धाकटी जाऊ! पुढे माघापर्यंत थोडी थोडी फुले येतच राहतात.

छाटणीबद्दल एक सूचना, कारण इथे मी एक वर्षाची फुले घालवली. कुंपण अस्ताव्यस्त दिसते म्हणून मी भाद्रपदात, गणपतीच्या सुट्टीत, कात्री चालवली. त्या वर्षी दिवाळीला आमच्याकडे व्यवस्थित कापलेले हिरवे काटे तेवढे होते. नव्या फांद्यांच्या शेंड्यांनाच फूल येते. तेव्हा छाटायचे ते फुलांचा बहर संपल्यावर, फाल्गुनात, किंवा फार तर पहिल्या पावसाबरोबर.

आता थोडे माझ्या गल्लीत शिरतो. वाचकांनी सांभाळून घ्यावे. आम्हा संस्कृत-मराठीवाल्यांना कोरांटी पुस्तकातून पुष्कळ भेटलेली असते, पण तोंडओळख नसते. अमरकोशात रंगाप्रमाणे तिची नावे वेगळी आहेत: पिवळी ती कुरण्टक, लाल ती कुरबक. मेघदूतातल्या यक्षाच्या घरी माधवीच्या मांडवाभोवती कुंपण आहे ते या कुरबकाचे, आणि अलकेतल्या स्त्रिया अंबाड्यात माळतात तेही ताजे कुरबक. मी बारा वर्षे वर्गात 'कुरबक म्हणजे एक फूल' असे सांगत आलो. 'एक फूल' हा आमच्या धंद्यातला फार उपयोगी शब्दप्रयोग आहे. पारिजात, बकुळ, कुरबक, प्रियंगु, सगळ्यांना तो चालतो. आईची कोरांटी फुलली त्या वर्षी प्रथमच एक डहाळी कागदात गुंडाळून वर्गात नेली. पिवळी असल्यामुळे ती कुरबक नव्हे, कुरण्टक, हे सांगितले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, म्हणजे कालिदासाच्या घरालापण कंपाउंड होतं?" यक्षाच्या, कालिदासाच्या नव्हे, अशी दुरुस्ती मी केली, पण मेघदूतावर त्या तासाइतके प्रश्न मला पुन्हा आलेले नाहीत.

शास्त्रज्ञांनीही तिला लवकर हेरले. डच अंमलदार व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर सतराव्या शतकाच्या अखेरीस जे बारा खंड काढले, त्यांत ही आहे. लिनियसने १७५३ मध्ये तिला 'बार्लेरिया प्रायोनायटिस' असे नाव दिले. बार्लेरिया हे बारलिए या फ्रेंच धर्मगुरू-वनस्पतिज्ञाच्या नावावरून. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर थिओडोर कुकने १९०१ ते १९०८ या काळात लिहिलेल्या ग्रंथात या कुळाला बरीच पाने दिली आहेत, आणि झेवियर्स कॉलेजातले फादर सांतापाव यांनी तर मुंबईकडच्या या कुळावर स्वतंत्र काम केले. कूळ मोठे घरंदाज आहे. अबोली, अडुळसा आणि कारवी ही कोरांटीची सख्खी भावंडे. त्यातली कारवी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली फुलली, त्यानंतर एकदम २०२४ साली, आणि ती पाहायला माणसांची रीघ लागली. कोरांटी बिचारी दर वर्षी फुलते, म्हणून तिला पाहायला कोणी येत नाही.

दातांच्या दुखण्यावर तिची पाने चावण्याचा प्रघात जुना. त्यावरून तिला वज्रदंती असेही म्हणतात. आयुर्वेदात ती सहचर. मी वैद्य नाही, तेव्हा या बाबतीत इथेच थांबतो. आई मात्र हिरड्या दुखल्या की दोन पाने तोडते आणि मग दंतवैद्याकडेही जाते. दोघांपैकी गुण कोणाचा, हे ती सांगत नाही.

तिचे बी पेरूनही झाडे होतात, पण बी गोळा करणे हा एक खेळ आहे. चपटे, चोचीसारख्या टोकाचे बोंड. आत दोनच चपट्या बिया, आणि प्रत्येकीखाली एक छोटा आकडा. बोंड पुरते वाळले की तडकते आणि बी दूर भिरकावले जाते. मी एकदा मूठभर बोंडे उघड्या बशीत ठेवून टीचर्स रूममध्ये नेली. दुपारी टक् टक् आवाज होऊन इतिहासाच्या बाईंच्या चहात एक बी पडले. तेव्हापासून मी काड्यापेटी वापरतो. या बियांवर केसांचे दाट अस्तर असते. पाणी लागले की ते फुगून बुळबुळीत होते आणि बी वाळूच्या कणांना चिकटून बसते. पुळणीवर पहिल्या पावसात वाहून न जाण्याची ही तिची युक्ती मला फार आवडली.

असो. आता रामायणाकडे.

गेल्या वर्षी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव आला की मागच्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवावेत आणि तिथे स्कूटरी लावाव्यात. पुढच्या बाजूस ते आधीच बसले आहेत. मी उभा राहून कालिदासापासून सुरुवात केली. हे चुकले. दुसऱ्या मिनिटाला अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. एक गृहस्थ म्हणाले, झाडीत डास होतात. दुसरे म्हणाले, काटे मुलांना लागतील. तिसरे म्हणाले, अगदी फुलेच हवी असतील तर त्यांच्या ओळखीचा एक लँडस्केपवाला आहे. तो थंड हवेची रंगीत रोपे लावून वर फवाऱ्याची सोयही करून देईल. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी सकाळी पाऊण तास येते. फवारा त्या पाऊण तासात उडवायचा की नंतर, हे कोणी विचारले नाही.

सभेत आई मागे बसली होती. ती सभासद नाही, पण खाली वारा लागतो म्हणून येऊन बसते. ती सेक्रेटरींना म्हणाली, "अहो, पावसाचं पाणी पुढे तुंबतं, मागे का तुंबत नाही?"

सभा जराशी गप्प झाली. पुढचे पार्किंग पेव्हर ब्लॉकचे झाल्यापासून दर जुलैत तिथे घोटाभर पाणी साचते, आणि मोटारी ढकलताना आम्ही सगळे एकमेकांना ओळखू लागतो. मागची पट्टी उघड्या वाळूची. कितीही कोसळो, पाणी घटकाभरात जिरते. जुने सभासद २००५ सालची २६ जुलै आठवू लागले. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, पाणी तेव्हा दोन्हीकडे चढले. पण मागचे आधी ओसरले आणि तळमजल्यावरच्यांनी मागच्याच दाराने सामान काढले, ही आठवण एका आजोबांनी सांगितली. ते सहसा सभेत बोलत नाहीत. कालिदासाला जे जमले नाही, ते गटाराने केले!

तरीही निकाल तडजोडीचाच लागला. अर्धी पट्टी स्कूटरींना, अर्धी कोरांटीला. कंत्राटदाराची माणसे सोमवारी यायची होती ती शनिवारीच आली, आणि आम्ही कॉलेजातून व बाजारातून परतेपर्यंत तेरा झाडे मुळासकट उपटून भिंतीशी ढीग झाला होता. आई त्या ढिगाजवळ स्टूल घेऊन बसली होती. रडत वगैरे नव्हती. कात्रीने काड्या करीत होती. मी म्हटले, "आई, मार्च महिना आहे. आता नाही जगायच्या." ती म्हणाली, "मला माहीत आहे." आणि करीत राहिली. त्या एकशेदहा काड्या तिने सावलीत, जुन्या बादल्यांत, ओल्या वाळूत खोचून ठेवल्या. जूनपर्यंत जगल्या एकोणीस.

त्या एकोणिसांना मात्र बरी घरे मिळाली. मुलुंडला बहिणीच्या इमारतीमागे डोंगराच्या पायथ्याचा मुरूम आहे. तिथे सात लागल्या आणि आमच्यापेक्षा जोमाने वाढल्या. मुरूमही पाणी धरत नाही, आणि कोरांटीला तेवढेच हवे असते. घाटकोपरच्या एका सहकाऱ्यांनी गच्चीवर बारा इंची कुंड्यांत चार लावल्या. निम्मी वाळू, निम्मी माती, तळाला विटांचे तुकडे. त्याही फुलल्या. बोरिवलीच्या मावशीकडच्या दोन मात्र उंच, किडकिडीत, बिनफुलांच्या झाल्या, कारण तिची बाल्कनी उत्तरेला आहे. पाच-सहा तास सरळ ऊन नसेल तर या झाडाच्या वाटेला जाऊ नये. चिखलाची, पाणी साठणारी जागाही टाळावी. तहानेने ती मरत नाही, पण पाय ओले राहिले की मुळे कुजतात. आणि अगदी समुद्राच्या तोंडावर, जिथे मर्यादवेल पसरते, तिथेही तिला नेऊ नये. आमच्याच भिंतीबाहेर, उघड्या खाऱ्या वाऱ्यात, मी दोन लावून पाहिल्या. पाने कडांनी जळाली. भिंतीच्या आडोशाला तीच झाडे सुखात आहेत.

एक भाचा ऑस्ट्रेलियात असतो. त्याने आजीच्या झाडाचे बी मागितले; आजीने काड्यापेटी भरूनही ठेवली. पण आपली ही गरीब कोरांटी तिकडे उत्तरेकडच्या प्रदेशात मोकाट सुटली असून उपद्रवी तण म्हणून सरकारने तिचे नाव नोंदवले आहे, असे वाचनात आले. आपल्याकडे घाणेरी जशी परदेशातून येऊन डोंगरच्या डोंगर व्यापून बसली, तशी ती तिकडे. इथे तिच्यावर वाढणाऱ्या अळ्या आहेत. आमच्या कुंपणावर काळ्या केसाळ काट्यांच्या अळ्या पाहून सौ.ने औषध फवारायला माणूस बोलावला होता, तो मी परत पाठवला. महिन्याभरात तिथे डोळ्यांसारखे ठिपके असलेली तपकिरी फुलपाखरे भिरभिरू लागली. सकाळी शिंजीर येतो, फुलात चोच खुपसतो. तिकडे तिचा असा हिशेब ठेवणारे कोणी नाही. काड्यापेटी भाच्याला गेली नाही. त्याला आजीने फुलांचा फोटो पाठवला, त्यात निम्मे तिचे बोट आले आहे.

आता इमारतीचा पुनर्विकास होणार अशी बोलणी सुरू आहेत. दोन बिल्डर नकाशे दाखवून गेले. दोन्ही नकाशांत खाली दोन मजली पार्किंग आहे आणि मागची पट्टी नाही. आम्हाला एक खोली जास्त मिळेल. मला पुस्तकांसाठी ती हवी आहे, हेही सांगून टाकतो. संमतीपत्र टेबलावर पडले आहे. पुन्हा एक संमतीपत्र! आईने ते पाहिले, चष्मा काढून ठेवला आणि एवढेच विचारले, "पाडणार कधी? पावसाच्या आधी की नंतर?"

मी म्हटले, "अजून कशाचाच पत्ता नाही."

"नंतर पाडा म्हणावं. मृगात काड्या काढून घेईन."

या लेखाचे शेवटचे पान लिहीत असताना ती खाली गेली आहे. पंधरा झाडे उरली आहेत, पण फुले दोन परड्या निघतात. त्यातली एक परडी सेक्रेटरींच्या घरी जाते. त्यांच्या आईंना पूजेला पिवळीच लागते, आणि बाजारात कोरांटी मिळत नाही. ज्यांना काड्या हव्या असतील त्यांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यावे. येताना गोणपाट आणावे, ओले करून.